सिनफिगमध्ये झुलणारा आकाशकंदील: व्हेक्टर अ‍ॅनिमेशन पहिल्यापासून

दिवाळीच्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी हलती शुभेच्छापत्रं बहुतेक तयार साच्यांतून आलेली असतात. तोच कंदील, तीच पणती, खाली फक्त नाव बदललेलं. स्वतःच्या हाताने काढलेला कंदील झुलवायचा असेल तर त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. सिनफिग स्टुडिओ हा व्हेक्टर अ‍ॅनिमेशनचा, म्हणजे बिंदू आणि रेषांनी बनलेली चित्रं हलवण्याचा प्रोग्राम विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतो आणि त्याचा सोर्स कोड खुला आहे. मात्र चित्रकलेचं सॉफ्टवेअर समजून तो उघडला तर पहिल्या अर्ध्या तासातच वैताग येतो. इथे ब्रशची मजा जवळपास नाहीच. गंमत आहे ती आकड्यांत: रेषेची जाडी, बिंदूची जागा, रंग, कोन, पारदर्शकता, सगळं म्हणजे एकेक किंमत, आणि यातली जवळपास प्रत्येक किंमत काळाबरोबर बदलता येते, दुसरीला बांधता येते किंवा सूत्रावर सोडता येते. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीच्या गोष्टी सवयीने येतात.

त्याचा जन्मही याच गरजेतून झाला. रॉबर्ट क्वाटलबॉम यांनी व्होरिया या त्यांच्या छोट्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओसाठी तो लिहायला घेतला. दोन मुख्य चित्रांच्या मधली डझनावारी चित्रं हाताने काढायला मोठा चमू लागतो, तो खर्च वाचवायचा होता. स्टुडिओ बंद पडला आणि २००५ मध्ये सिनफिग जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली सगळ्यांसाठी खुला झाला. १.० ही आवृत्ती २०१५ मध्ये आली, २०१७ च्या १.२ मध्ये चित्र रंगवणारं इंजिन नव्याने लिहिलं गेलं. गेली अनेक वर्षं कॉन्स्टंटिन दिमित्रिएव्ह हे या कामाची धुरा सांभाळत आहेत.

हाताने चौकटीमागून चौकट काढायची असेल तर मात्र इथे थांबू नका. त्यासाठी ओपनटून्झ, क्रिता किंवा अगदी साधं काम असेल तर पेन्सिल-टूडी बरं. मोबाइल अ‍ॅपमधलं हलतं चिन्ह करायचं असेल तर केडीईचा ग्लॅक्सनिमेट हलका पडतो. कंदील, पताका, बोलणारं कागदी बाहुलं, नकाशावर सरकणारी रेषा असल्या कामांना सिनफिगसारखा दुसरा नाही, असं माझं मत.

या लेखात एकच कंदील करू: चार सेकंदांत एक झोका, आत थरथरणारा दिवा, खाली मागे रेंगाळणाऱ्या झिरमिळ्या. व्हिडिओ कितीही वेळा पुन्हा लागला तरी जोड दिसणार नाही असा.

फाइल मांडणे

डाउनलोडच्या पानावर स्थिर आणि चाचणीतली अशा दोन आवृत्त्या असतात. शिकताना स्थिर घ्या. लिनक्सवर अ‍ॅपइमेज (इन्स्टॉल न करता चालणारी एकच फाइल) उतरवली तर तिला आधी चालवण्याची परवानगी द्यावी लागते, नाहीतर डबल क्लिकने काहीच घडत नाही. कामाच्या फोल्डरचं आणि फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत, मधे रिकामी जागा न सोडता ठेवा. पुढच्या कटकटी टळतात.

नवीन फाइल उघडली की आधी कॅनव्हास प्रॉपर्टीज उघडा, एफ ८ दाबलं तरी चालतं. स्टेटससाठी रुंदी १०८० आणि उंची १९२० ठेवा. टाइम टॅबमध्ये दर सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र, आणि शेवटची वेळ ८ सेकंद. झोका चार सेकंदांचा असताना आठ का, ते शेवटी कळेल. वेळ लिहिण्याची पद्धतही इथेच लक्षात घ्या: ३ सेकंद आणि त्यावर २३ फ्रेम म्हणजे आकडा, एस, जागा सोडून आकडा, एफ.

सेव्ह करताना दोन मुख्य प्रकार दिसतील. सिफ ही साधी एक्सएमएल फाइल आहे, सिफझेड हीच दाबून लहान केलेली. मी सिफ वापरतो, कारण वेळ पडल्यास ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघता येते आणि फाइलींतले बदल नोंदवणाऱ्या गिटमध्येही नीट बसते. दर टप्प्याला नवा क्रमांक देऊन वेगळी प्रत ठेवा. अनडू आहे, पण काल दुपारी काय होतं ते अनडूला आठवत नाही.

कंदील काढणे

बिंदू जोडत रेषा काढणारं स्प्लाइन टूल घ्या. खालच्या टूल ऑप्शन्समध्ये रिजन आणि आउटलाइन दोन्ही निवडा. रिजन म्हणजे आतला भराव, आउटलाइन म्हणजे कड. दोन्ही एकाच वेळी तयार केले की त्यांचे बिंदू आपोआप एकमेकांना जोडलेले राहतात. एक ओढला की दुसरा बरोबर येतो. नंतर वेगवेगळे काढून जोडत बसू नका.

क्लिक करून सोडलं तर टोकदार कोपरा, क्लिक करून ओढलं तर वळण. षटकोनी कागदी कंदिलाला सहा क्लिक पुरतात. शेवटी पहिल्या बिंदूवर राइट क्लिक करून लूप निवडा, मग एंटर.

आता पडद्यावर रंगीत ठिपके दिसतील. नारिंगी म्हणजे रेषेचे बिंदू, पिवळे म्हणजे वळणाचे दांडे, हिरवा म्हणजे सबंध आकाराची जागा. रेषेची जाडी बदलायचे ठिपके गुलाबी. सुरुवातीला ही जत्रा वाटते, पण व्ह्यू मेनूतून हवे ते प्रकार लपवता येतात. एका बाजूला तीव्र आणि दुसऱ्या बाजूला सौम्य वळण हवं असेल तर पिवळ्या ठिपक्यावर राइट क्लिक करून दांडे वेगळे करा.

असेच वरचा आणि खालचा पुठ्ठ्याचा पट्टा, मधल्या काड्या, वर टांगायची दोरी काढा. दोरीला भराव नको, फक्त आउटलाइन. झिरमिळ्या मात्र अजून काढू नका. प्रत्येक लेयरला, म्हणजे एकावर एक रचलेल्या थरांतल्या एकेकाला, काढल्याबरोबर नाव द्या. वीस लेयरच्या यादीत सगळ्यांचं नाव स्प्लाइन असेल तर काड्या कुठल्या आणि पट्टा कुठला हे शोधण्यात वेळ जातो.

ग्रुप: सिनफिगचा कणा

लेयर्सच्या यादीत आकारांबरोबर परिणामही लेयर म्हणूनच येतात. धूसर करणं हा एक लेयर, फिरवणं हा एक लेयर, रंग बदलणं हाही एक लेयर. असे पन्नासहून अधिक प्रकार आहेत. परिणामाचा लेयर त्याच्या खाली असलेल्या सगळ्यावर चालतो. फिरवण्याचा लेयर यादीत सर्वांत वर ठेवला तर कंदील फिरेल, रात्रीचं आकाशही फिरेल आणि शुभेच्छांची अक्षरंही फिरतील.

त्याला आवर घालतो तो ग्रुप. कंदिलाचे सगळे लेयर आणि दोरी निवडा, राइट क्लिक करून ग्रुप करा, नाव द्या. आता या ग्रुपच्या आत, सर्वांत वर, नवीन लेयरमधून ट्रान्स्फॉर्मखालचा रोटेट लेयर आणा. तो फक्त ग्रुपच्या आतल्या वस्तूंना फिरवेल. ग्रुपच्या कुंपणापलीकडे त्याची सत्ता नाही.

रोटेटच्या दोनच किंमती आपल्या कामाच्या. ओरिजिन म्हणजे कुठल्या बिंदूभोवती फिरायचं. हा हिरवा ठिपका दोरीच्या वरच्या टोकावर, जिथे खिळा असेल तिथे, नेऊन ठेवा. अमाउंट म्हणजे किती अंश फिरायचं. ओरिजिन कंदिलाच्या पोटात राहिला तर कंदील झुलण्याऐवजी जागच्या जागी डोकं हलवल्यासारखा दिसतो.

पहिला झोका

कॅनव्हासच्या खाली उजवीकडे माणसाच्या आकृतीचं छोटं बटण आहे. ते दाबलं की अ‍ॅनिमेट मोड सुरू होतो आणि चित्राभोवती लाल चौकट येते. ही चौकट असताना केलेला प्रत्येक बदल त्या क्षणापुरता नोंदला जातो. नसताना केलेला बदल सबंध वेळेला लागू होतो. काम करताना दर थोड्या वेळाने नजर या चौकटीकडे गेली पाहिजे, कारण नवशिक्यांच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच असतं.

चौकट लाल असताना:

१. वेळ ० सेकंदावर ठेवा, रोटेटच्या अमाउंटमध्ये ८ लिहा.
२. वेळ २ सेकंदावर न्या, अमाउंट उणे ८.
३. पुढे ४ सेकंदावर ८, ६ वर उणे ८, ८ वर परत ८.

टाइम ट्रॅकमध्ये अमाउंटसमोर पाच खुणा दिसतील. यांना वेपॉइंट म्हणतात. इतर सॉफ्टवेअरमध्ये यालाच कीफ्रेम म्हणतात, म्हणून इथे गोंधळ होतो. सिनफिगमधला कीफ्रेम वेगळा आहे: तो एका किमतीचा नसतो, त्या क्षणी सगळ्या देखाव्याची जी स्थिती आहे ती पक्की करणारी ती खूण असते. पात्राच्या एकामागून एक मुद्रा बसवताना कीफ्रेम फार कामाचे. आपल्या कंदिलाला त्यांची गरज नाही, म्हणून कीफ्रेमचं पॅनल सध्या बंद ठेवलंत तरी बिघडत नाही.

आता चालवून बघा. कंदील हलतो, पण एका टोकाला आपटून परतल्यासारखा वाटला तर दोष दोन वेपॉइंटमधल्या प्रवासाचा. टांगलेली वस्तू टोकाला हळू होते आणि मध्यावर जोरात जाते. वेपॉइंटवर राइट क्लिक करून दोन्ही बाजूंसाठी ईझ इन-आउट निवडा, पाचही ठिकाणी. लिनिअरमध्ये वेग सारखा राहतो, म्हणून ते यंत्राच्या पट्ट्याला ठीक. कॉन्स्टंटमध्ये किंमत पुढच्या खुणेपर्यंत जागची हलत नाही आणि मग उडी मारते. डोळे मिचकावायला किंवा बोलताना ओठांचे आकार बदलायला तेच हवं. टीसीबीमध्ये ताण आणि ओढ हाताने ठरवता येते, पण त्याच्या नादी आत्ताच लागू नका.

आठ अंशांचा आग्रह नाही. मोठा कंदील चार-पाच अंशांतच वजनदार वाटतो. पंधराच्या पुढे गेलात की वादळ आल्यासारखं दिसतं.

दिवा: वेपॉइंट न लावता हालचाल

इथे सिनफिगची खरी करामत दिसते. अ‍ॅनिमेट मोड बंद करा. ग्रुपच्या आत, रोटेटच्या खाली पण बाकी सगळ्याच्या वर, रेडियल ग्रेडियंट लेयर आणा. मध्यभागी फिकट पिवळा, कडेला तोच पिवळा पण पूर्ण पारदर्शक. ब्लेंड मेथडमध्ये ऑन्टो निवडा. त्यामुळे उजेड फक्त खाली जिथे कागद आहे तिथेच पडतो, बाहेरच्या मोकळ्या जागेत सांडत नाही.

आता या लेयरची ओपॅसिटी ०.८ करा. त्या किमतीवर राइट क्लिक, कन्व्हर्ट, रँडम. किमतीच्या शेजारी बाण येईल, तो उघडा. आत लिंक म्हणजे मूळ किंमत, रेडियस म्हणजे तिच्या किती वरखाली जायचं, आणि अ‍ॅनिमेशन स्पीड म्हणजे किती चपळाईने. रेडियस ०.१ ठेवा, वेग ३ पासून सुरू करून डोळ्यांना पटेल तिथे थांबा. लूप टाइममध्ये ४ लिहा, म्हणजे थरथर चार सेकंदांनी जिथून सुरू झाली तिथे परत येईल. सीड बदललं की थरथरीचा नमुना बदलतो. एकाच देखाव्यात तीन कंदील टांगले तर प्रत्येकाला वेगळं सीड द्या, नाहीतर तिघे एका सुरात लुकलुकतात आणि सगळी नैसर्गिकता जाते.

एकही वेपॉइंट लावला नाही, तरी दिवा जिवंत झाला. कन्व्हर्टच्या यादीत असे बरेच प्रकार आहेत. कोनाला लिनिअर लावून रेटमध्ये दर सेकंदाचे अंश लिहिले की चाक किंवा पंखा अखंड फिरत राहतो. प्रत्येक किमतीला तिच्या जातीप्रमाणेच पर्याय मिळतात, त्यामुळे रंगाला एक यादी आणि कोनाला दुसरी दिसली तर दचकू नका.

झिरमिळ्या: बांधलेली किंमत

कंदील झुलताना खालच्या कागदी पट्ट्या जराशा उशिरा येतात आणि जराशा जास्त हलतात. हे नसेल तर सगळं चित्र पुठ्ठ्याचं वाटतं. प्रत्येक पट्टीला पुन्हा पाच-पाच वेपॉइंट लावायची गरज नाही.

आधी कंदिलाच्या रोटेटमधल्या अमाउंटवर राइट क्लिक करून एक्स्पोर्ट व्हॅल्यू निवडा आणि इंग्रजी अक्षरांत ‘झोका’ असं नाव द्या. ही किंमत आता लायब्ररी पॅनलमध्ये स्वतंत्रपणे दिसेल.

मग कंदिलाच्या ग्रुपच्या आत, पण रोटेटच्या खाली, एक झिरमिळी काढा. तिचा स्वतःचा ग्रुप करा. त्या ग्रुपच्या आत सर्वांत वर नवा रोटेट ठेवा, त्याचा ओरिजिन पट्टी जिथे चिकटवली आहे तिथे. या नव्या रोटेटच्या अमाउंटवर राइट क्लिक करून कन्व्हर्टमधून स्केल निवडा. आत दोन गोष्टी दिसतील, लिंक आणि स्केलर. लायब्ररीत झोका निवडलेला ठेवा, लिंकवर राइट क्लिक करून कनेक्ट म्हणा, स्केलरमध्ये ०.५ लिहा. क्रम हाच ठेवा: आधी कन्व्हर्ट, मग कनेक्ट. पट्टी आता कंदिलाच्या झोक्याच्या निम्म्याने जास्त फिरते, आणि उद्या तुम्ही आठाऐवजी सहा अंश केलेत तर तीही आपोआप जुळवून घेते.

उशीर राहिला. झिरमिळीच्या ग्रुपच्या किमतींमध्ये टाइम ऑफसेट आहे, तिथे उणे १२ एफ लिहा. ग्रुपच्या आतला काळ अर्धा सेकंद मागे पडतो. चालवून बघताना पट्टी मागे रेंगाळण्याऐवजी पुढे धावताना दिसली तर चिन्ह उलटं करा.

एक पट्टी मनासारखी झाली की ग्रुप डुप्लिकेट करा आणि ग्रुपचा हिरवा ठिपका ओढून बाजूला न्या. आतला रोटेट आणि त्याचा ओरिजिन बरोबर सरकतात. प्रत्येकीचा ऑफसेट थोडा वेगळा ठेवा: १०, १२, १५ फ्रेम. रंगही बदला. सात-आठ पट्ट्यांनंतर हा भाग सगळ्यात देखणा होतो आणि खरं तर सगळ्यात कमी कष्टाचा असतो.

याच पद्धतीने पात्राचे हातपायही हलवता येतात, पण तिथे स्केलेटन लेयर जास्त सोयीचा. एका हाडावर राइट क्लिक करून त्याचं पिल्लू हाड काढायचं, आकाराचे बिंदू आणि हाड दोन्ही निवडून लिंक टू बोन म्हणायचं. फोटो किंवा स्कॅन केलेल्या चित्राला वाकवायचं असेल तर स्केलेटन डिफॉर्मेशन वेगळा आहे. कंदिलाला यातलं काही लागत नाही.

देवनागरी अक्षरं

सिनफिगच्या टेक्स्ट लेयरमध्ये मराठी मजकूर टाकून आधी बारकाईने वाचा. जुन्या आवृत्त्यांत जोडाक्षरं सुटी पडतात, पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला जाते. ‘शुभेच्छा’मधला च्छ नीट आला तर पुढे जा. नाही आला तर त्या लेयरशी भांडण्यात अर्थ नाही, सरळ इंकस्केप हा व्हेक्टर चित्रं काढण्याचा प्रोग्राम उघडा.

इंकस्केपमध्ये मजकूर लिहा, फॉन्ट निवडा आणि पाथ मेनूतून ऑब्जेक्ट टू पाथ करा. आता ती अक्षरं राहिली नाहीत, आकार झाले, त्यामुळे कुठल्याही संगणकावर बिघडणार नाहीत. इंकस्केप थेट सिफ प्रकारातही सेव्ह करतो, किंवा एसव्हीजी ठेवून सिनफिगमध्ये फाइल मेनूतून इंपोर्ट करता येते. आणल्यावर ‘ठ’, ‘ळ’, ‘भ’ यांच्यातली पोकळी रंगाने भरली गेली का ते पाहा. भरली असेल आणि अक्षरं हलवायची नसतील, तर पारदर्शक पार्श्वभूमीची मोठी पीएनजी आणणं हा सगळ्यात कमी डोकेदुखीचा मार्ग.

फॉन्टही खुलेच घ्या. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बलू दोन्ही मोफत आणि व्यावसायिक कामाला चालणारे. मुंबईच्या लोकल रेल्वेवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घडवलेला यात्रा वन तर शुभेच्छापत्राच्या मथळ्याला झकास दिसतो.

मजकूर कंदिलाच्या ग्रुपबाहेर ठेवा. अगदी खाली रात्रीच्या आकाशासाठी एक लिनिअर ग्रेडियंट. वरून गडद निळा, खाली जांभळट. शुद्ध काळा टाळा, कंदिलाच्या कडा त्यात हरवतात.

बाहेर काढणे

आता त्या आठ सेकंदांचा हिशेब. पहिल्या सेकंदात झिरमिळ्यांच्या मागे पडलेल्या काळाला मागचा झोका नसतोच, कारण शून्याआधी वेपॉइंट नाहीत. म्हणून पट्ट्या सुरुवातीला क्षणभर ताठ राहतात. दुसऱ्या झोक्यात मात्र सगळं लयीत आलेलं असतं. तोच घ्यायचा: कॅनव्हास प्रॉपर्टीजमध्ये सुरुवात ४ सेकंद आणि शेवट ७ सेकंद २३ फ्रेम करा. पूर्ण ८ ठेवला तर पहिली आणि शेवटची फ्रेम एकच होते आणि दर फेरीला कंदील किंचित अडखळतो. वेपॉइंट तसेच राहतात, पुसले जात नाहीत.

मग फाइल मेनूतून रेंडर, म्हणजेच एफ ९. एफएफएमपेग हा व्हिडिओ बनवणारा पर्याय निवडून सरळ व्हिडिओ काढता येतो. मी आधी पीएनजीची मालिका काढतो. एका वेगळ्या रिकाम्या फोल्डरमध्ये ९६ चित्रं पडतात, मधेच वीज गेली तरी झालेलं काम हातात राहतं, आणि एखाद्या फ्रेममध्ये चूक दिसली तर तेवढ्याच वेळेचा तुकडा पुन्हा काढता येतो. रेंडर फार रेंगाळला तर धूसर करणारे आणि मोशन ब्लरचे लेयर तात्पुरते बंद करून बघा; वेळ खाणारे बहुधा तेच असतात.

ही मालिका केडेनलाइव्ह या व्हिडिओ एडिटरमध्ये इमेज सीक्वेन्स म्हणून आणा, प्रोजेक्टचा दर २४ फ्रेमच ठेवा, तीन-चार वेळा ओळीने लावा, हवं तर खाली सनईचा तुकडा जोडा आणि एमपीफोर काढा. वेबसाइटवर कंदील टांगायचा असेल तर सिनफिगमधून लॉटी या वेबवरच्या अ‍ॅनिमेशनच्या फाइल प्रकारातही निर्यात होते आणि फाइल व्हिडिओपेक्षा खूपच लहान पडते. पण सगळे लेयर लॉटीत उतरत नाहीत. म्हणून आधी त्या दिव्याचा ग्रेडियंट आणि झिरमिळ्यांचा उशीर ब्राउझरमध्ये नीट दिसतोय का ते तपासा, मगच ती फाइल पुढे पाठवा.